ठोक्या मिस्त्रीचा चेहरा

फरशी बसवणाऱ्या माणसाचं तोंड सहसा कुणी पाहत नाही. तो दिसतो पाठीकडून. गुडघ्यांवर बसलेला, मान खाली, हातात थापी. घरमालक दारातून डोकावतो, "काय, कुठवर आलं?" असं पाठीलाच विचारतो आणि निघून जातो. ठोक्या मिस्त्रीचं उभं आयुष्य असं गेलं, आणि त्याची त्याला खंत नव्हती. त्याचं म्हणणं, बघायचं तर जमीन बघा. थोबाडात काय ठेवलंय?

ठोक्या हे नाव बरोबरीच्या मिस्त्र्यांनी ठेवलेलं, तेही वैतागून. फरशी बसली की दुसऱ्या दिवशी हा गडी हातोडीच्या लाकडी दांड्याने एकेक फरशी ठोकून बघायचा. खाली सिमेंटचा माल सगळीकडे पोचला असेल तर आवाज भरीव येतो. एखादा कोपरा उपाशी राहिला असेल तर फरशी बदबदते. बदबदली की हा छिन्नी उचलायचा. मग ती मालकाच्या कितीही मनात भरलेली असो. एवढ्यावर थांबला असता तरी ठीक होतं. पण दुसऱ्यांनी बसवलेल्या फरश्याही हा जाता-येता ठोकायचा. तो नुसता पाणी प्यायला कुणाच्या कामावर गेला तरी तिथला मिस्त्री थापी टाकून त्याच्या मागे मागे फिरायचा.

गुडघे बोलायला लागले तशी त्याने मोठी कामं सोडली. पण रिकामं बसणं त्याच्या पत्रिकेत नव्हतं. घरातलं न्हाणीघर त्याने दोनदा उकरलं. तिसऱ्यांदा छिन्नी काढली तेव्हा बायको दारात आडवी उभी राहिली.

"अहो, माणसांनी अंघोळ कुठे करायची? छपरावर?"

तोडगा सुनेने काढला. मुलगा कामासाठी परगावी असतो; ती सकाळी औषधांच्या दुकानात काउंटरवर असते, दुपारी मोकळी. तिने फोन धरला आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही नुसतं काम करा. बोला पण. बाकी मी बघते." खातं उघडलं, त्याला नाव दिलं 'ठोक्या मिस्त्री'. चेहरा दाखवायचा नाही, ही त्याची अट. म्हणून व्हिडिओत दिसायचे ते फक्त दोन हात: माल कालवणारे, दोरी ताणणारे, फरशी अलगद टेकवणारे. खात्याच्या गोल चित्रातसुद्धा त्याचा उजवा पंजाच होता, वाकड्या अंगठ्यासकट.

लोकांना हात आवडले. माणसं आपापल्या घरातल्या फरश्या ठोकून आवाज पाठवू लागली. ठोक्या डोळे मिटून ऐकायचा आणि एकच शब्द लिहायला सांगायचा, "भरीव" किंवा "फोडा." त्या "फोडा"ला लोक इतके हसायचे की काही जण चांगली जमीन असूनही मुद्दाम दार वाजवून पाठवायचे. ठोक्या ओळखायचा. "हे लाकूड आहे. कामधंदा बघा," असं उत्तर जायचं.

सगळं सुरळीत चाललेलं असताना एका दुपारी दाराशी शिवणकाम करणाऱ्या बाई येऊन उभ्या राहिल्या. पलीकडच्या रस्त्यावर पहिल्या मजल्यावर त्यांचं घर, तिथेच मशीन. खांद्यावर मोजपट्टी तशीच लटकत होती, म्हणजे हातातलं काम टाकून आल्या होत्या. त्यांनी एक रिकामा प्लास्टिकचा कॅन उंबऱ्यावर आपटला.

"तुमचं ऐकून ओतलं हे. माझं न्हाणीघर उखडलं."

"माझं?" ठोक्या म्हणाला.

बाईंनी फोन काढला. व्हिडिओत हात होते. त्याचेच. दांडा फरशीवर पडत होता, ती बदबदत होती. इथवर खरं होतं. हा व्हिडिओ त्याने स्वतःच केलेला. पण पुढे फरशी फोडायच्या जागी एक कॅन आला आणि ठोक्याच्याच आवाजात कुणीतरी म्हणालं, "फोडायची गरज नाही, मंडळी. हे औषध सांध्यात ओता. पोकळी आपोआप भरते." खात्याचं नाव होतं 'ठोक्या मिस्त्री ओरिजिनल'.

ठोक्याचे कान लाल झाले. आवाज चोरला याचं त्याला तेवढं लागलं नाही. 'फोडायची गरज नाही' हे वाक्य आपल्या तोंडी घातलं, हे लागलं.

"बाई, हा मी नव्हे. हा तोतया आहे."

"हात तुमचे, आवाज तुमचा, अंगठासुद्धा तुमचाच वाकडा. मग बोललं कोण? भूत?"

सून पुढे होऊन सांगू लागली की अशी फसवणूक हल्ली होते, यंत्राने आवाज बनवता येतो. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "असेल. पण मी कसं ओळखायचं? मी तर ओरिजिनल लिहिलेलं बघून विश्वास ठेवला." कॅन तिथेच टाकून त्या गेल्या.

त्या गेल्यावर ठोक्या हत्यारांची पिशवी शोधू लागला.

"कुठे निघालात?" बायकोने विचारलं.

"जमीन करून देतो त्यांची."

"करून द्या. म्हणजे गल्लीभर होईल, चूक याचीच होती, म्हणून गुपचूप निस्तरून आला."

"आणि नाही गेलो तर?"

"तर म्हणतील, चूक करून घरात लपून बसला."

इकडे आड तिकडे विहीर. ठोक्या पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिला. जन्मभर त्याच्या कामाला नावं ठेवणारा भेटला नव्हता. तिरसट म्हणाले, हळू म्हणाले, डोकं फिरलेला म्हणाले. खोटा कुणी म्हणालं नव्हतं.

"बाबा," सून म्हणाली, "निळी खूण घेऊया. नावापुढे बरोबरची खूण येते ना, ती. म्हणजे हे खातं त्याच माणसाचं आहे, हे तपासलेलं असतं."

ठोक्याने ही खूण नट-पुढाऱ्यांच्या नावापुढे पाहिली होती. ती थोरामोठ्यांना कुणीतरी बहाल करतं, अशी त्याची समजूत. दर महिन्याला पैसे भरून ती मिळते हे कळलं तेव्हा तो उखडला.

"शाबासकी विकत घेऊ? त्यापेक्षा गळ्यात पाटी बांधून फिरतो."

"पाटीच आहे ती, बाबा. शाबासकी नाही. दारावर नावाची पाटी कोण लावतं? घरमालकच ना? आणि रंगाऱ्याला पैसे कोण देतं?"

सून औषधांच्या दुकानात उगीच नव्हती. गोळी कशात घालून द्यायची हे तिला ठाऊक होतं.

"घे मग," तो म्हणाला. "पण चेहरा नाही. हात पाठव. हात बघून ओळखत नसतील तर त्यांना ओळख म्हणजे काय ते कळत नाही."

सुनेने समजावलं, पण तो हटला नाही. पंजाचा फोटो गेला. थोड्या वेळात उत्तर आलं: चेहरा स्पष्ट दिसत नाही.

"त्यात चेहरा नाहीच, तर दिसणार कसा?" ठोक्या म्हणाला. "नीट बघत तरी आहेत का?"

"बाबा, हात कुणाचेही असू शकतात."

"कुणाचेही?" त्याने दोन्ही पंजे तिच्यापुढे धरले. सिमेंटने खाल्लेली बोटं, टोकांना गुळगुळीत झालेली कातडी, फरशीखाली सापडून वाकडा झालेला अंगठा. सुनेने त्याच्या अंगठ्यावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "आम्हाला ओळखू येतात. पण तोतयाने हेच तर चोरले. चेहरा तेवढा त्याच्याकडे नाही."

हे मात्र ठोक्याला पटलं. जे चोराच्या हाती लागलं नाही तेच पुरावा म्हणून द्यायचं. हिशेब सरळ होता.

दुसऱ्या दिवशी त्याने दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि खिडकीसमोर खुर्चीत बसला. ओळखपत्राचा फोटो पाठवून झाला. राहिला चेहऱ्याचा व्हिडिओ. फोनच्या पडद्यावर गोल चौकट होती. तिच्यात तोंड धरायचं, सरळ बघायचं, मग सांगेल तशी मान वळवायची. लहान मूलही करेल असं काम.

ठोक्याला ते जमेना.

चौकटीत तोंड येई, आणि नजर खाली जाई. सून म्हणे, "वर बघा." तो वर बघे. फोन म्हणे, डावीकडे वळा. तो वळे, आणि वळता वळता नजर पुन्हा जमिनीवर. त्यात त्याचा दोष नव्हता. ज्या मानेने जन्मभर एकच दिशा पाहिली ती ऐनवेळी दुसरी कुठून आणणार? फोन पुन्हा पुन्हा सांगत होता, चेहरा दिसत नाही. चौथ्या खेपेला ठोक्या वळता वळता थांबला आणि म्हणाला, "ती कपाटाखालची फरशी कडेला उचललीय का बघ."

"बाबा!"

"नाही, सावली होती. चालू दे."

बायको स्वयंपाकघराच्या दारातून हे सगळं बघत होती. तिने पदराला हात पुसले, स्टूल ओढलं आणि सुनेच्या मागे त्यावर चढून उभी राहिली.

"अहो, इकडे बघा. माझ्याकडे."

"पडशील!"

"पडेन. म्हणून बघत राहा. लग्नातसुद्धा हे खालीच बघत होते गं. मला वाटलं, लाजतात. नंतर कळलं, हॉलची फरशी बघत होते."

"फार वाईट बसवली होती ती," ठोक्या तिच्यावरची नजर न काढता म्हणाला.

"डावीकडे," सून म्हणाली. बायको स्टुलावर डावीकडे सरकली. स्टूल डुगडुगलं. ठोक्याची नजर तिच्यावर खिळली होती. मान डावीकडे गेली, उजवीकडे गेली, खाली मुळीच गेली नाही. फोनने टिंग असा आवाज केला. झालं.

नंतर वाट बघणं आलं. ठोक्याने त्या काळात एकही व्हिडिओ केला नाही. जे आपलं आहे की नाही हेच अजून ठरायचंय, त्यात भर काय घालायची? तोतयाचे कॅन तिकडे विकले जात होते. चहाच्या टपरीवर जुना जोडीदार, ज्याला सगळे लंबू म्हणतात, भेटला आणि म्हणाला, "काय ठोक्या, आता फोडायचं सोडून ओतायला लागलास म्हणे! आमच्या जमिनी तेवढ्या फोडल्यास, स्वतःचं कॅनमध्ये भागवतोस होय?" टपरीवर हशा पिकला. ठोक्याने अर्धा कप तसाच ठेवला आणि उठला.

खूण आली तेव्हा तो जेवत होता. सुनेने फोन त्याच्या ताटाशेजारी ठेवला. 'ठोक्या मिस्त्री' या अक्षरांपुढे निळा ठिपका, त्यात पांढरी बरोबरची खूण. आणि गोलात सुनेने पंजाऐवजी लावलेला, त्या व्हिडिओतला एक माणूस, ताठ मानेचा, काहीसा घाबरलेला. तो का घाबरलाय हे घरातल्या तिघांनाच ठाऊक होतं. ठोक्याने हात धुतले, कोरडे केले आणि मग फोन उचलला. बराच वेळ बघितलं.

"बरा दिसतो," तो म्हणाला.

बायको म्हणाली, "मी कधीपासून सांगतेय."

शिवणकामवाल्या बाईंकडे तो त्याच दुपारी गेला. सून सोबत होती. बाईंनी खूण पाहिली, फोटो पाहिला, मग समोरचा माणूस पाहिला. तोतयाचं खातं उघडून तिथे खूण नाही हेही स्वतः तपासलं. कपड्याची शिवण उलटी करून बघावी तसं सावकाश, दोन्ही बाजूंनी.

"म्हणजे मी भलत्याच माणसाला बोलले."

"भलत्याने माझ्या तोंडी ते घातलं, त्याला तुम्ही काय करणार? न्हाणीघर दाखवा."

"मजुरी घ्यावी लागेल. फुकट नको."

"फुकट करत नाही मी. चूक माझी असती तर केलं असतं."

औषधाने खालचा माल भुसभुशीत झाला होता. दुसऱ्या सकाळी ठोक्याने सगळी जमीन काढली, खालपर्यंत खरवडली, धुतली. गुडघ्यांखाली जुनी उशी घेऊन त्याने पाणी जायच्या जाळीकडे उतार धरला, दोरी ताणली आणि फरश्या बसवल्या. संध्याकाळपर्यंत त्याला उठून उभं राहायला दाराची चौकट धरावी लागत होती. मदतीला आलेला हात त्याने झिडकारला. कामात घेतलेला त्रास कामातच जिरवायचा असतो, दाखवायचा नसतो.

दुसऱ्या दिवशी सांधे भरायच्या आधी सुनेने फोन चालू केला. खूण मिळाल्यानंतरचा हा पहिला व्हिडिओ. या वेळी चेहराही होता. ठोक्याने काय झालं ते थोडक्यात सांगितलं: तो कॅन माझा नाही, ते खातं माझं नाही, हे न्हाणीघर मी बसवलंय. मग दांडा घेऊन एकेक फरशी ठोकू लागला. भरीव. भरीव. भरीव. दारात बाई मोजपट्टी गळ्यात घालून उभ्या होत्या आणि प्रत्येक आवाजाला मान डोलवत होत्या.

नळाखालच्या कोपऱ्यात कापून बसवलेला तुकडा होता. त्याच्यावर दांडा पडला आणि फरशी बदबदली.

ठोक्याने पुन्हा ठोकलं. पुन्हा तेच.

सुनेने फोन खाली केला. "बाबा, एवढं मी कापून टाकते. कुणाला कळणार नाही."

"मला तर चांगलाच वाटला हो आवाज," बाई म्हणाल्या. "एवढासा तुकडा, त्यावर बादली राहील."

"फोन वर घे," ठोक्या म्हणाला.

"अहो बाबा, खूण मिळाल्यावर पहिलाच व्हिडिओ आणि त्यात आपलीच चूक? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, ठोक्याची फरशी बदबदली. खरं आहे ते. माझं नाव, माझं तोंड, माझी फरशी. हे आधी तपासून घेतलंय ना आपण? मग बदबदलेली तेवढी कुणाची म्हणून सांगू?" त्याने पिशवीतून छिन्नी काढली. "तो तोतया फोडेल का स्वतःची फरशी? त्याला फोडायचं नाही म्हणून तर त्याने कॅन काढला. घे वर."

सुनेने फोन वर घेतला. तिच्या चेहऱ्यावर हसू फुटत होतं. ठोक्याने छिन्नी सांध्यात घातली आणि तीन घावांत तुकडा सुटा केला. खालच्या मालात कोपऱ्याशी रुपयाएवढी पोकळी होती. त्याने ती बोटाने दाखवली.

"इथे माल दाबला नाही. गुडघा दुखला म्हणून हात आखडला. माझी चूक," असं तो स्पष्ट म्हणाला, आणि नवा तुकडा मापाने कापायला घेतला.

तेवढ्यात सुनेचा फोन वाजू लागला. कामाच्या गावाहून मुलगा होता. बाबांना खूण मिळाल्याचं त्याला आत्ताच कळलं होतं आणि अभिनंदन करायचं होतं. सुनेने फोन ठोक्याच्या कानाला लावला.

"बाबा! कसं वाटतंय?"

"छान वाटतंय," ठोक्या मालात थापी फिरवत म्हणाला. त्याचा आवाज खरोखर इतका खुशीत होता की दारातल्या बाईही हसल्या. "फार छान वाटतंय. आता ठेव. माल सुकतोय."