मायची फाईल

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी गंगाखेडला, स्वयंपाकघरात, पोरांचे डबे भरत होते. फोनवर सुजाता, माझी भावजय. ती रडत नव्हती. "ताई, निघा," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. मी एका डब्याचं झाकण लावलं, दुसऱ्याचंही लावलं, मग गॅस बंद केला. माणूस असल्या वेळी असलीच कामं का करत बसतो कोण जाणे... आदल्या संध्याकाळी मी परभणीच्या दवाखान्यातून घरी आले होते ती मायच्या शब्दावर. माय म्हणजे आमची आई. आत एकालाच सोडत होते, ती हट्टानं स्वतः गेली, मिलिंदशी बोलून आली आणि म्हणाली, "बरं हाय त्याला. तू जाय, लेकरं एकली हायत." त्यानं स्वतःच्या आवाजात तिला सांगितलं होतं की बरंय. हे 'स्वतःच्या आवाजात सांगणं' काय होतं, ते सांगण्यासाठी हे लिहायला बसले आहे. काही आठवडे उलटले. लोक भेटायला येतात, म्हणतात सुटला बिचारा. म्हणणाऱ्याचं काय जातं.

मिलिंद माझा पाठचा भाऊ. आम्ही सोनपेठचे. वडील लवकर गेले, मायनं दुसऱ्याच्या रानात कापूस वेचून आम्हाला शिकवलं. मी शाळेत मराठी शिकवायला लागले आणि तो कॉम्प्युटर शिकून पुण्याच्या एका कंपनीत लागला. तिथं नेमकं काय करतोस, असं मी एकदा विचारलं तर म्हणाला, "लोकांच्या आवडीनिवडी सांभाळतो. तू मोबाईलमधी अक्षरं मोठी करून घेतलीस ना, ताई? मोबाईल बंद करून चालू केलास तरी ती मोठीच राहतात की न्हाई? कारण ते आत कुठंतरी एका फाईलीत लिहून ठेवलेलं असतंय. ती फाईल बनवायचं काम माझं." मी म्हटलं, "आन् एवढ्यासाठी पगार देतेत?" तो म्हणाला, "माणसाला आपलं तेच तेच पुन्हा सांगावं लागू नये, ह्याला काय कमी किंमत हाय का?" रोज संध्याकाळी तो पुण्याहून मायला फोन करायचा. माय विचारायची, बरा हाईस का, आणि त्याचं उत्तर ठरलेलं, "बरंय माय. तू जेवलीस का?" ताप असो, साहेबाशी भांडण झालेलं असो, उत्तर हेच. मायपाशी दुखणं सांगायचं नाही, ही आमच्या घरातली रीतच आहे. लहानपणी मनगट मोडलं तरी हा पठ्ठ्या शर्टाच्या बाहीत हात लपवून जेवायला बसला होता.

मग त्याच्या हातून कप निसटायला लागले. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं की अंग चालवणाऱ्या नसाच मरत चालल्यात. हात जातील, पाय जातील, बोलणं जाईल, शेवटी श्वास. डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख राहील. हे ऐकून मी बाकड्यावर बसले. मिलिंद म्हणाला, "बोलणं कधी जाईल, साहेब?" त्याला पायांचं काही पडलेलं नव्हतं. नोकरी सोडून तो आणि सुजाता सोनपेठला आले तेव्हा त्याचे शब्द जड व्हायला लागले होते, आणि त्याला एकच ध्यास लागला. आपल्याला काय होतंय हे आपल्याला शेवटपर्यंत सांगता आलं पाहिजे. "मी काय लाकूड न्हाई," म्हणायचा.

असल्या आजाऱ्यांसाठी तयार प्रोग्रॅम मिळतात. त्यानं एक आणून बघितला. चौकोनावर बोट ठेवलं की आतून बातम्या देणारी बाई बोलायची, "मला तहान लागली आहे." माय दचकून म्हणाली, "ही कोण परकी बाई बोलायली रं घरात?" झालं, तो प्रोग्रॅम बाद. मिलिंदनं ठरवलं की आपला आवाज आहे तोवर आपलीच वाक्यं भरून ठेवायची आणि प्रोग्रॅम स्वतः बनवायचा. मी दर शनिवारी दुपारच्या एसटीनं सोनपेठला जायचे. दारं लावून, पंखा बंद करून आम्ही वाक्यं भरायचो. मी मराठीची बाई, म्हणून मला वाटलं की इथं माझा काही उपयोग आहे. मी सुचवायचे, "मला कुशीवर वळवा." तो हसायचा. "कोण बोलतंय असं आपल्या घरात? तुझं ते फळ्यावरचं मराठी शाळेत ठेव." मायसाठी फोनवरचं ठरलेलं 'बरंय माय' भरलं. माझ्यासाठी त्यानं भरलं, "आली का मास्तरीण, बस." गल्लीतल्या रहीमचाचा शिंप्यासाठी त्यांच्याच दखनीत भरलं. सुजातासाठी भरताना त्यानं मला बाहेर काढलं. मी ओट्यावर बसून शेजारच्यांच्या शेळीशी बोलत राहिले. त्या शेळीचं ओरडणं काही वाक्यांत आजही ऐकू येतं.

मग फायलींचं काम सुरू झालं. त्याची बोटं वळत नव्हती, म्हणून टाईप मी करायचे आणि तो सांगायचा. त्याचं म्हणणं असं, की प्रोग्रॅम एकच, पण माणसं वेगळी. माणसांची माहिती प्रोग्रॅमच्या पोटात कोंबायची नाही, ज्याची त्याच्या फाईलीत बाहेर ठेवायची. टॅबलेटच्या पडद्यावर वरच्या बाजूला सगळ्यांचे फोटो. जो समोर येईल त्यानं आपल्या फोटोवर बोट टेकवायचं, की त्याची फाईल लागली. खाली रंगीत चौकोन, दुखतंय, पाणी, कूस बदला, पंखा, हसू आलं, असे. त्यांच्यावरून एक उजेड फिरत राहायचा, आणि हव्या त्या चौकोनावर उजेड आला की मिलिंदनं अंगठ्याखालचं बटण दाबायचं. चौकोन तोच, पण बोलणं समोरच्या माणसाप्रमाणं. 'दुखतंय'चा चौकोन लाल आणि सगळ्यात पहिला, म्हणजे ताकद नसली तरी तिथवर पोचता येईल. फाईलीत वर माणसाचं नाव, मग त्याचा नमस्कार, कुणाला जयभीम, कुणाला राम राम, कुणाला सलाम. मग आवाज किती मोठा. मग एकेका चौकोनासमोर कुठलं वाक्य वाजवायचं त्याचं नाव. सगळं महिरपी कंसात, ओळीच्या शेवटी स्वल्पविराम. एक स्वल्पविराम राहिला की पडदा पांढराफटक आणि सगळं ठप्प. मी वैतागायचे. एवढ्याशा चुकीला एवढी शिक्षा? मी पोरांचे अर्धे स्वल्पविराम सोडून देते. तो म्हणाला, "चुकीचं बोलण्यापेक्षा गप बसलेलं बरं, ताई. मुद्दाम तसं केलंय मी."

सगळ्यात आधी बनली मायची फाईल. ती नीट चालली म्हणून बाकीच्या तिच्यावरून बेतल्या. एकदा मी विचारलं, "आन् ज्याचा फोटोच न्हाई असा कुणी आला तर?" त्यानं विचारही केला नाही. "त्याच्यासाठी एक कोरा चेहरा ठेवू. त्याच्यावर बोट ठेवलं की मायची फाईल लागंल. अनोळखी बाईला आपण काय म्हणतो? मायच म्हणतो की." मी म्हटलं, "आन् बाप्या माणूस आला तर?" "तर बी माय. खाटल्यावरच्या माणसाला कोण हसतंय?" तेव्हा आम्ही दोघंही हसलो, इतके की त्याला ठसका लागला आणि सुजाता धावत आली.

पुढं त्याचा आवाज गेला आणि प्रोग्रॅम बोलायला लागला. खरं सांगते, ते दिवस वाईट नव्हते. मी दारातून आत येऊन माझ्या फोटोवर बोट टेकवलं की, "आली का मास्तरीण, बस," आणि पाठोपाठ शेळी. रहीमचाचा रोज यायचे, सलाम ऐकायचे आणि टोपी काढून बसायचे. पण एका संध्याकाळी मिलिंदच्या पायात गोळे आले. समोर माय होती. त्यानं लाल चौकोन दाबला. त्याचाच आवाज म्हणाला, "माय, लय दुखायलंय." मायनं उभ्या जन्मात पोराच्या तोंडून हे ऐकलं नव्हतं. तिनं ताट बाजूला सारलं ते सारलंच. "पोराला दुखायलंय आन् मी घास गिळू व्हय?" सकाळीही जेवली नाही. तिला साखरेचा आजार, दुपारी रांजणापाशी भोवळ येऊन पडली. मिलिंद खाटेवरून बघत होता. उठता येत नाही, हाक मारता येत नाही. सुजाता शेजारून येईपर्यंत तो फक्त बघत राहिला.

त्या दिवसानंतर त्यानं प्रोग्रॅममधल्या अक्षरांच्या पानावर, तसाच उजेड थांबवत, एकेक अक्षर निवडून सुजाताला सांगितलं की मायच्या फाईलीत एक ओळ बदल. लाल चौकोनासमोरचं वाक्य काढ, तिथं 'बरंय माय'चं घाल. त्या एका वाक्यासाठी त्याला अर्धी दुपार लागली. सुजातानं ओळ बदलली, स्वल्पविराम तपासला. मला कळलं तेव्हा मी म्हटलं, चांगलं केलंत. तेव्हापासून माय समोर असली आणि दुखलं की तो तोच लाल चौकोन दाबायचा, आणि आवाज यायचा, "बरंय माय. तू जेवलीस का?" दाबण्यानं त्याला आतून बरं वाटत असेल, मायपाशी रडल्यासारखं. मायला त्याचा पत्ता नव्हता. ती म्हणायची, जेवते बाबा, आणि खरंच जेवायची. ओळ बदलताना कोऱ्या चेहऱ्याची आठवण आमच्यापैकी कुणालाच झाली नाही. त्यालाही नाही. सोनपेठच्या त्या घरात अनोळखी माणूस येतो कधी?

मग ताप आला. छातीत कफ भरला. परभणीला नेलं तर आतल्या खोलीत ठेवलं, घरच्यांनी बाहेर थांबायचं. सुजातानं सिस्टरच्या हातापाया पडून तो टॅबलेट आत पाठवला. "हे त्यांचं तोंड हाय, सिस्टर, हे जवळ ठेवा." कोऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं, उजेड फिरतो, ते बटण दाबतात, सगळं नीट समजावून सांगितलं. संध्याकाळी एकाला भेटायला सोडलं, ती माय गेली. पहाटे तो गेला.

मी पोचले तेव्हा सिस्टर टॅबलेट परत द्यायला बाहेर आली होती. कोवळ्या वयाची, रात्रपाळीनं डोळे सुजलेले. तिचा काही दोष नाही, हे मी आधीच सांगते. ती मायचा हात धरून म्हणाली, "लय गोड माणूस होते हो, आजी. रात्रभर मला माय म्हणत होते. सारखं आपलं तेच, बरंय माय, तू जेवलीस का. मी म्हणायचे जेवले दादा, की पुन्हा तेच. डॉक्टर आले तर त्यांनाही तेच. एवढ्या आजारात कोण कुणाची एवढी फिकीर करतंय?" माय डोळे पुसत होती आणि तिच्या तोंडावर अभिमान होता. मी सुजाताकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं. आम्हा दोघींना एकाच वेळी कळलं. मग तिनं पदर तोंडात कोंबला.

रात्रभर तो लाल चौकोन दाबत होता. रात्रभर सांगत होता, दुखायलंय, काहीतरी करा. आणि त्याचाच आवाज खोलीत म्हणत होता, बरंय. पडदा त्याच्या तोंडासमोर, बाकीच्यांना नुसता आवाज, आणि तो त्यालाही ऐकू येत होता. पहिल्याच वेळी त्याला समजलं असणार की कोऱ्या चेहऱ्यामागं मायचीच फाईल लागली आहे, कुठली ओळ आहे, ती कुणी बदलायला सांगितली. अक्षरांच्या पानावर जायला अंगठ्यात बळ उरलं नसेल. चेहरा तर कधीचाच हलत नव्हता. म्हणून तो तेच दाबत राहिला... प्रोग्रॅम बरोबर चालला. कुठं काही बिघडलं नाही. एखादा स्वल्पविराम राहिला असता तर पडदा पांढरा झाला असता, सिस्टरनं आम्हाला हाक मारली असती. डॉक्टर म्हणाले, तसंही वाचले नसते. माहीत आहे मला. पण दुखणं कमी करायची सुई तर होती ना त्यांच्याकडं. मी रोज स्वतःची काहीतरी समजूत घालायला बघते आणि एकही समजूत टिकत नाही. लख्ख डोक्याच्या माणसाला असं मरण यावं, ह्यात कसला अर्थ शोधू?

परवाच्या रविवारी सोनपेठला गेले होते. टॅबलेट आता मायच्या उशाशी असतो, सुजाता तो चार्ज करून ठेवते. माय जेवायला बसण्याआधी तो मांडीवर घेते, आपल्या फोटोवर बोट टेकवते आणि लाल चौकोन दाबते. वाचता येत नाही तिला, पण लाल चौकोनात हे वाक्य आहे एवढं बरोबर ठाऊक आहे. "बरंय माय. तू जेवलीस का?" "जेवायलेय बाबा," ती म्हणते आणि भाकरी मोडते. ते वाजल्याशिवाय घास घेत नाही. तेवढा वेळ सुजाता उठून बाहेर जाते. त्या दिवशी घास हातात धरून मायनं मला विचारलं, "तू मास्तरीण हाईस, सांग बरं, ह्या लाल डब्यात काय लिवलंय गं?"

मी चष्मा पुसला, पडद्याकडं बघितलं. "जेव म्हणून लिहिलंय, माय."

"मला वाटलंच," ती म्हणाली, आणि तिनं पुन्हा एकदा दाबलं.