आंबट व्हायच्या आधीची बाटली

गल्लीत तिला फेसवाली म्हणत. बायकांची नाजूक जागा धुवायचा द्रव जिथं बनतो, त्या कारखान्यात ती बारा वर्षं पिंप ढवळत होती. आधी पाणी, मग फेसाचं द्रव्य, मग ग्लिसरीन, नखभर सुगंध, अन् सगळ्यात शेवटी लॅक्टिक आम्ल. मग कागदाची पट्टी बुडवायची, रंग जुळला की माल पास. "तिथलं अंग मुळातच आंबट असतं गं, म्हणून मालही आंबट हवा," असं ती नव्या बायकांना ठणकावून सांगायची.

पास झालं की पिंपाला सील. म्हणून घरी न्यायचं ते बायका आम्ल पडायच्या आधीच डब्यात काढून घेत. भांड्यांना, फरशीला चालायचं. मुकादमही कानाडोळा करी.

धाकटी जाऊ एकदा म्हणाली, "ताई, तुमच्या कारखान्याची बाटली दुकानातून आणली, तिला ना फेस, ना वास. धुतल्यासारखं वाटतच नाही."

फेसवाली थोरली जाऊ, तिचा मोठेपणा जागा झाला. "थांब, तुला असलं देते की दुकानदार तोंडात बोट घालेल." तिने घरच्या डब्यातलं, आम्ल न पडलेलंच भरून दिलं, वर झाकणभर गुलाबाचा सुगंध ओतला.

आठवड्यात धाकटी खुर्चीवर टेकेना. मोरीतून ओठ चावत बाहेर यायची. थोरलीच तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

"काय वापरतेस?"

"ताईंच्या कारखान्यातलं. त्या स्वतः बनवतात, त्यांचं चुकायचं नाही."

"ते तर सौम्य असतं," बाई म्हणाल्या. "मग संसर्ग असेल, एकदा नवऱ्यालाही तपासू या."

धाकटीचा चेहरा पडला. थोरलीच्या जिभेवर शब्द आला होता, तो तिने गिळला. बारा वर्षांची अब्रू एका बाटलीत बुडेल, एवढंच सुचलं तिला.

घरी दोन दिवस धाकटी नवऱ्याशी बोलली नाही. तिसऱ्या सकाळी तिने पिशवीत कपडे भरायला घेतले, तेव्हा थोरली दारात आडवी झाली. "भावजींचं काही नाही. पाप माझं आहे." अन् सगळं ओकली.

धाकटी हातातली साडी तशीच धरून बसली. "दोन दिवस मी त्यांच्याकडे कुत्र्याकडे बघावं तसं बघत होते, ताई. अन् तुम्ही मला जेवायला वाढत होतात."

थोरली पिशवीतले कपडे काढून घड्या घालू लागली.

"आता त्यांना मी सांगायचं होय? तुमचं तुम्ही सांगा."

लग्न होऊन आल्यापासून दिराशी थोरलीचं बोलणं भाजी अन् लाईटबिलापलीकडे गेलं नव्हतं. तो अंगणात सायकल पुसत होता. ती पुढं गेली, पदर सारखा केला, नजर सायकलच्या चाकावर ठेवली.

"भावजी, जरा बसा. बाईमाणसाच्या दुखण्याचं बोलायचंय. चूक माझी आहे, म्हणून मलाच बोलावं लागणार."

तो फडका तसाच धरून खाली बसला. कान लाल झाले होते, त्याचेही आणि तिचेही.