केकवरची बैलजोडी

आमच्या मामाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, वाढदिवस घरात कधी झाला नव्हता. शाळेत नाव घालताना गुरुजींनी एक जुलै लिहिली, तीच त्यांची जन्मतारीख. आमच्या शेलूबाजारात त्यांच्या वयाचे निम्मे लोक त्याच दिवशी जन्मलेले. यंदा मीच हट्टाला पेटले. मोबाइलवर बघून बघून मला केक बऱ्यापैकी जमायला लागलाय, आणि जमलेली गोष्ट झाकून ठेवणं माझ्या स्वभावात नाही.

केकवर काय करायचं ते ठरलेलं होतं: त्यांची बैलजोडी. मागच्या पोळ्यानंतर गुडघ्यांनी पार जवाब दिला, ट्रॅक्टर आला आणि जोडी दुसऱ्या गावी गेली. तेव्हापासून मामाजी गोठ्याकडे फिरकले नव्हते. कोणी बैलांचा विषय काढला की भरल्या ताटावरून उठायचे. नवरा म्हणाला, "कायले दुखण्यावर बोट ठेवून राह्यली? साधी फुलं काढ ना." मला मात्र वाटत होतं, माणसानं एकदा तरी बोलून मोकळं व्हावं. भीतीही होतीच. केक बघून ते तसेच उठून गेले असते, तर मी स्वतःला माफ केलं नसतं.

सकाळपासून कामाला लागले. लोणी आणि पिठीसाखर फेटून बटरक्रीम केलं, त्यात हिरवा रंग घातला. तेवढ्यात लाइट गेली, पंखा बंद पडला आणि क्रीम सैल पडायला लागलं. माठातल्या गार पाण्याच्या पातेल्यात भांडं ठेवून ते कसंबसं सावरलं. मग नोझलनं केकभर सोयाबीनची तासं, म्हणजे पेरलेल्या ओळी, ओढली. तासं सरळ आली म्हणून स्वतःवरच खूश झाले. फोंडंट म्हणजे साखरेची मळलेली कणीकच. तिचा एक पांढरा बैल केला, एक तांबडा. दमट हवेत पांढऱ्याचं वशिंड सारखं कलायचं, शेवटी आतून टूथपिक खोचली. दोघांना केकवरच्या त्या हिरव्या वावरात उभं केलं आणि अंघोळीला गेले.

येऊन बघते तर दोन्ही बैलांच्या कपाळाला हळदकुंकू, पाठीवर अक्षता. पांढऱ्याचं कुंकू ओल धरून नाकापर्यंत उतरलेलं. माझा पाराच चढला. सासूबाई निरांजन हातात घेऊन शांतपणे उभ्या होत्या.

"बैल घरात आले अन् पूजा नाई कराची? असं कसं चालन वं बाई," त्या म्हणाल्या.

ब्रशनं कुंकू पुसायला गेले तर ते आणखीच पसरलं. मग नाद सोडला. बाहेर गल्लीतली पोरं जमली होती, आणि नवऱ्यानं मामाजींना हाताला धरून आणलंही होतं.

मामाजी केकपुढे बसले. नुसते बघत राहिले. त्यांनी गुडघ्यावर हात टेकला, तेव्हा वाटलं, उठले आता. पण ते पुढे वाकले होते.

"तांबड्याचं डावं शिंग असं उभं नोतं," ते म्हणाले. "खाली वाकेल होतं."

आणि दोन बोटांनी त्यांनी ते मऊ शिंग हळूच खाली वळवलं. मग सुरूच झाले. तांबडा औताला कसा पुढे ओढायचा, पांढरा दुसऱ्या कोणाच्या हातची सरकीची ढेप कशी खायचा नाही, सगळं. सासूबाई मध्येच दुरुस्ती करत होत्या. मी सुरी हातात धरून उभीच, आणि डोळ्यांतलं पाणी काही थांबेना.

पोरांना मात्र धीर निघेना. एकानं तांबडा मागितला, दुसऱ्यानं पांढरा. मी सुरी पुढे केली, तर मामाजींनी माझं मनगट धरलं.

"वावर कापा," ते म्हणाले. "बैलायले सुरी लावू नोका. पूजा झाली ना त्यायची."

पोरांनी हिरवंगार वावर चाटूनपुसून संपवलं. बैल मी बशीत काढले आणि मुंग्या लागू नयेत म्हणून बशी पाण्याच्या परातीत ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते, तर मामाजी गुडघे धरत परातीशी आले होते. पाण्यात पडलेला कचरा त्यांनी काढला, जुनं पाणी ओतलं आणि गोठ्यातल्या हौदातून बादली भरून आणून नवं घातलं.