मथुराबाईंची हरकत

मथुराबाई मंडईत पालेभाजी विकायच्या. मी तिथेच हमाल होतो. पाटी डोक्यावर चढवायला त्यांनी कधी कोणाला हाक मारली नाही. आधी गुडघ्यावर घ्यायच्या, मग एका दमात वर.

संध्याकाळी गाळा आवरला की मागच्या मोकळ्या मैदानावर मंडईतल्या पोरींना खो-खो शिकवायच्या. माझी शालू त्यांतलीच. मैदान पालिकेचं, पण खडे वेचणं, पाणी मारणं बाईंचं. दोन्ही खांब त्यांनीच रोवलेले. खेळताना एका गोष्टीवर त्या अडून बसायच्या. "पाठीवर खो बसल्याशिवाय उठायचं नाही. आणि बसला, की बसून राहायचं नाही."

दिल्लीत एशियाड झालं, त्याच्या पुढच्या वर्षी आमचे नगरसेवक दिगंबरराव यांनी त्या मैदानावर बंदिस्त स्टेडियमचा प्रस्ताव आणला. खर्च पालिकेचा. पेठेत दोन तट पडले. एक म्हणे, पुण्याची शान. दुसरा म्हणे, आधी गटारं बघा. पोरींचं कोणी बोलेना. मैदान गेलं की त्यांचा खेळ बंद, इतकं ते सरळ होतं.

पालिकेने हरकती मागवल्या. सुनावणीला मी बाईंबरोबर गेलो. साहेब सभ्य. खुर्ची दिली आणि विचारलं, "बोला बाई, स्टेडियमला आपली हरकत आहे?"

इतक्या अदबीने विचारल्यावर बाईंच्या तोंडून सवयीने गेलं, "नाही नाही, हरकत नाही. पण..."

"हरकत नाही, लिहा," साहेबांनी कारकुनाला सांगितलं. "पुढचे कोण?"

मंडईत जयसिंग हमालाने टोमणा मारला. "मेथीची जुडी कमी भावात मागितली तर गिऱ्हाइकाला उभं करत नाही तुम्ही. मैदान बरं फुकट दिलंत!"

त्या संध्याकाळीही बाईंनी खडे वेचले.

महासभेत प्रस्तावाला मतं कमी पडत होती. म्हणून दिगंबररावांनी मैदानावरच बैठक लावली, विरोधकांनाही बोलावलं. भाषणात म्हणाले, "स्टेडियम सर्वांना हवंय. खो-खोच्या मथुराबाईंचीसुद्धा हरकत नाही!"

मागच्या सतरंजीवरून बाई उठल्या.

"बाई, प्रश्न शेवटी."

"नाव घेतलंत ना माझं? खो बसला. आता बसून राहता येत नाही."

हशा झाला. बाई हसल्या नाहीत.

"हरकत नाही म्हटलं ते खरं. बांधा. पोरी कुठे खेळणार, तेवढं सांगा."

"आत खेळतील की."

"तिकीट काढून, का पास दाखवून?"

विरोधी पक्षाचे एक सभासद म्हणाले, "अहो दिगंबरराव, आमच्या हरकती तुम्ही ऐकत नाही. निदान बिनहरकतीचं तरी ऐका!"

उत्तर मिळेपर्यंत बाई उभ्याच राहिल्या. दिगंबररावांना विरोधकांची मतं हवी होती. महासभेत उपसूचना आली, मागची मातीची पट्टी खो-खोसाठी मोकळी ठेवावी. त्यावर प्रस्ताव मंजूर झाला.

बांधकामाचा राडारोडा पट्टीवर पडायचा. बाई पाट्या भरभरून तो बाहेर काढायच्या. आम्ही हमालही लागलो. जयसिंग सगळ्यांत आधी.

उद्घाटनाला बाईंसाठी पुढे खुर्ची होती. त्या मागे पट्टीवर. बोलवायला माणूस आला.

"येते की, हरकत नाही," बाई म्हणाल्या. "एवढा डाव होऊ दे."

डाव संपला तेव्हा फीत कापून झाली होती.