भुताचा पदर

मला भुताच्या सिनेमाचं भेव वाटतं. वय पन्नाशीला टेकलं, चिखलीच्या एका शाळेच्या ऑफिसात बसून दिवसभर लोकांवर डाफरते, तरी टीव्हीवर एखादं दार करकरलं की माझा हात रिमोटकडे जातो. घरचे हसतात. हसोत बापडे, माझ्या बापाचं काय जातं.

ताई, म्हणजे माझी मोठी बहीण, होती तोवर मी लिहायची. घरातल्याच गोष्टी, आमची भांडणं, फजित्या. दिवाळी अंकांत छापूनही यायच्या आणि प्रत्येकीत ताई असायचीच. दोन वर्षांपूर्वी ती गेली आणि माझं लिहिणं बंद पडलं. तिची मुलगी खामगावला शिकते, सुटीत माझ्याकडे येते. दर वेळी तिचा एकच धोशा. "मावशी, आईवर लिही ना. मले तिचं बोलणं आठवेनासं झालं."

मी लिहायला बसायची, आणि तिच्या शेवटच्या आजारपणातल्या दवाखान्यापाशी येऊन अडकायची. तिथं ताई खाटेवर पडल्यापडल्या मलाच हसवायची. "बाजूच्या खाटेवरची म्हतारी रातभर नवऱ्याले शिव्या देते वं," म्हणायची. "मले काही होत नाही, तू घरी जाय." ती एवढी धीराची, आणि मी अशी. धीर कसा असतो हेच मला ठाऊक नाही, मग लिहू काय, कपाळ?

परवा दुपारी भाची म्हणाली, "तुम्ही दोघींनी लहानपणी पाह्यलेला तो सिनेमा मले सापडला."

तो सिनेमा मी पाहिलाच नव्हता, ऐकला होता. अमडापूरला आमच्या घरी वेचणी झाली की विकायला नेईपर्यंत कापूस एका खोलीत भरून ठेवत. काकानं चिखलीहून भाड्यानं व्हिडिओ आणला. विजेची लाईन तेव्हा दिवसाच असायची, म्हणून भर दुपारी त्याच खोलीत कवाडं लावून अंधार केला आणि आम्ही पोरं कापसाच्या ढिगावर चढून बसलो. भूत यायची वेळ झाली की मी सरळ कापसात तोंड खुपसायची.

"गेलं का वं?" मी आतूनच विचारायची.

"नाही अजून," शेजारून ताई सांगायची. "त्याचा पदर बोरीच्या काट्यात अडकला. सोडवून राह्यलं बिचारं." मग थोड्या वेळानं, "आता विहिरीवर जाऊन बसलं. चप्पल तुटली त्याची."

मला कापसातच हसू फुटायचं. चप्पल तुटलेल्या भुताचं काय भेव वाटणार? संध्याकाळी आई आम्हा दोघींना अंगणात बसवून पापण्यांत, भुवयांत अडकलेला कापूस वेचायची आणि तोंडानं उद्धार करायची.

तर परवा आम्ही पडदे ओढले. मी मनाशी ठरवलं, आज काही झालं तरी डोळे मिटायचे नाहीत. ताईची बोर पाहायची. भूत यायच्या आधीच भाचीचा हात मी इतका आवळला की ती कळवळली. पण पाहिलं.

भूत पुरुष होतं. कोट घातलेलं. सगळा सिनेमा एका बंगल्यात. झाड नाही, विहीर नाही, पदर तर नाहीच नाही.

"हा तो सिनेमा नाही वं," मी म्हणाले. "ताईनं तर बोर सांगितली होती, विहीर सांगितली होती."

"तोच आहे. नाव तूच सांगितलं होतं ना." भाची हसत होती. "आईनं पाह्यलाच नसंल. भुताचं काही लागलं की आई भांडे घासाले उठे. घासलेलेच भांडे परत घासे."

मला ते अंगण आठवलं. कापूस ताईच्याही पापण्यांत असायचा. इतकी वर्षं ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. माझ्या शेजारी तीही तोंड खुपसून बसलेली होती, आणि तिथूनच मला बोर दाखवत होती, विहीर दाखवत होती.

मग दवाखान्यातली ती म्हातारी आठवली. मी तिला रोज पाहत होते. तिला वाचाच राहिली नव्हती. तिची सून खुणेनं तिला पाणी विचारायची. मला एकदम रडू आलं आणि ताईचा रागही आला. मले काऊन नाही सांगितलं वं? दोघी मिळून भ्यालो असतो.

भाची चहा ठेवायला आत गेली. मी टेबलाशी बसले आणि लिहिलं, "माझी ताई फार भित्री होती."

भाची कप ठेवून माझ्या मागे उभी राहून वाचत होती. मला वाटलं, आता ही चिडते. आईबद्दल असं कोणी लिहितं का? तिनं खुर्ची ओढली, मला अगदी चिकटून बसली आणि डोळे गच्च मिटून घेतले.

"मंग?" ती म्हणाली. "सांग, मावशी."