पारूबाईंनी न धरलेला उपास

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवालाही नाही. देवळात गेलो की घाईघाईनं दुसरंच काहीतरी मागून बाहेर पडतो. आत्ताही दाराला कडी घालून लिहितोय. आता कोण येणार आहे जाब विचारायला? पण भीती वाटते, ती वाटतेच.

एकोणीसशे साठनंतरची ती वर्षं. लोणावळ्याच्या एका छोट्या दवाखान्यात मी रक्त तपासायचो. पुण्याला शिकून आलेलो, त्यामुळे ऐट भारी! रक्तातली साखर तेव्हा रंगावरून काढायची. एका नळीत रुग्णाचं रक्त, शेजारच्या नळीत आपणच साखर मोजून घातलेलं पाणी. दोन्हींना निळा रंग चढला की यंत्रात ताडून पाहायचं. सगळी मदार त्या पाण्यावर. तराजूतलं वजन झिजलेलं असलं की माल जास्त भरतो ना, तसंच – ते पाणी बिघडून त्यातली साखर घटली, की माणसाची साखर आहे त्याहून जास्त दिसते. म्हणून ते ताजं ठेवायचं, आकडा विचित्र आला तर नवं पाणी करून पुन्हा तपासायचं. हे मला पाठ होतं.

आमच्याकडे पावसाळ्यात चपलांनासुद्धा बुरशी येते. त्या सकाळी त्या साखरेच्या पाण्याच्या बाटलीत तळाशी कापसासारखं काहीतरी हलताना मी पाहिलं. हो, पाहिलं – नजरचूक म्हणायची सोय नाही. नवं करायचा कंटाळा आला. वरचं वरचं पाणी घेतलं आणि काम उरकलं.

वलवणच्या पारूबाई पायाच्या जखमेसाठी दाखल होत्या. त्यांची सून सखू उशापायथ्याला बसून असायची. पारूबाईंचा आकडा फारच वर आला. पुन्हा तपासला का? नाही. तसाच डॉक्टरांना दिला, त्यांनी त्यावरून इन्सुलिन वाढवलं. दुपारी म्हातारीला दरदरून घाम फुटला, हातपाय कापायला लागले, शुद्ध गेली. डॉक्टर धावत माझ्या खोलीत आले.

"आकडा बरोबर होता ना?"

बाटली समोरच होती. "हो साहेब, दोनदा तपासला," मी म्हणालो. निदान तिथं तरी थांबायचं! पण घाबरलेल्या माणसाच्या जिभेला हाड नसतं. मी पुढे म्हणालो, "आज संकष्टी आहे. आजींनी उपास धरला असेल."

डॉक्टरांनी शिरेतून साखर दिली, पण पारूबाई शुद्धीवर आल्या नाहीत. दिवस मावळायच्या आत गेल्या. मी ते पाणी मोरीत ओतलं आणि बाटली घासत बसलो. स्वच्छ झाली तरी घासत होतो.

डॉक्टरांनी घरच्यांना उपासाचंच कारण सांगितलं. बाहेर सखू ऊर बडवून सांगत होती, "म्या माज्या हातानं भाकर चारली वं! उपास नव्हता त्यांचा!"

"दवाखान्यातली मानसं काय खोटं बोलत्यात व्हय?" तिचा नवरा ओरडला. "उपाशी मारलीस माज्या आईला!"

मी खिडकीआड उभा होतो. बाहेर जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. नोकरी जाईल, पोलीस येतील, हीच माणसं मला तुडवतील – पाय उचललेच नाहीत. पुढे कळलं, नवऱ्यानं तिला माहेरी धाडली आणि परत आणलीच नाही.

काही वर्षांनी तळेगावच्या बाजारात ती भेटली. तिनंच ओळखलं. वाटलं, आता चारचौघांत बोंब ठोकणार. भाजीची पाटी खाली ठेवून तिनं हळूच विचारलं, "भाऊ, आत्याबाईंचा उपास व्हता, आसं तवा कोन बोललं व्हतं?"

"आता आठवत नाही," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. डोक्यावरची चुंबळ सारखी केली आणि म्हणाली, "वाईच हात लावा, भाऊ."

मी पाटी उचलून तिच्या डोक्यावर ठेवली.