जागेअभावी

माझं अक्षर चांगलं होतं. तेवढ्या एका गुणावर मला सोलापुरातल्या एका दैनिकात नोकरी लागली. बाकीचे गुण, म्हणजे फटकळपणा आणि नाकाच्या शेंड्यावरचा राग, संपादकांना मागाहून कळले. काम वाचकांच्या पत्रांचं होतं. टपालाने आलेली पत्रं वाचायची, छापण्याजोगी निवडायची आणि फुलस्केप कागदावर स्वच्छ उतरवून काढायची. आमचे छपाईचे खिळे जुळवणारे कामगार घरी तेलुगू बोलणारे होते. मराठी अक्षर ते शिशाच्या खिळ्यांवरूनच शिकलेले. उलटं अक्षर घडाघडा वाचत, पण हाताने लिहिलेलं वळण जरा वेगळं दिसलं की अडून बसत. म्हणून छापायला जाणारी प्रत कायम माझ्या हातची असे. मूळ पत्र मी माझ्या टेबलामागच्या भिंतीवर लोंबणाऱ्या तारेत टोचून ठेवी. महिन्याकाठी तो गठ्ठा आमचे फोरमन उचलून नेत आणि रॉकेल लावून मशिनीचे रूळ पुसायला वापरत.

सदराखाली बारीक टायपात एक ओळ नेहमी छापलेली असे: पत्रलेखकाने आपले नाव व पत्ता कळवावा, इच्छा असल्यास तो गुप्त ठेवला जाईल. ही ओळ मला फार आवडायची. अख्ख्या जिल्ह्याची गुपितं माझ्या तारेला लटकलेली आहेत अशा तोऱ्यात मी वावरत असे.

आणीबाणी आली तशी पहिल्या पानाची आणि अग्रलेखाची प्रुफं आधी सरकारी तपासणीला जाऊ लागली. आमची व्यंगचित्रं एक चित्रकलेचे शिक्षक काढत. पहिल्या पानावर पुढाऱ्यांची नाकं लांब करणारा तो माणूस तिसऱ्या पानावर आला आणि दोन चौकटींत बायको, बैल आणि पावसाची छत्री असले विनोद काढू लागला. वाचकांची पत्रं मात्र कुणी तपासत नसे. त्यात गटार, नळ आणि न थांबणारी एस.टी. ह्यापलीकडे काय असणार, असा सगळ्यांचा समज होता, आणि माझाही तोच.

आमच्या वाचकांत एक मास्तर होते. मंद्रूपच्या पलीकडच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेवर होते. घरची भाषा कानडी, लहानपणी मोडी गिरवलेली, त्यामुळे त्यांचं मराठी अक्षर म्हणजे तीन लिप्यांची खिचडी. ते फक्त मला लागायचं. दर आठवड्याला त्यांचं निळं आंतरदेशीय पत्र यायचंच. एकादशी तुम्ही एक दिवस आधी छापलीत, अमक्या अभंगातला शब्द चुकवलात, एक ना दोन. नाव-पत्ता ठळक घालायचे आणि खाली लिहायचे, 'नावाचा हव्यास नाही, सबब "एक भाविक" असे छापावे.' माणूस तक्रारखोर, पण एका शब्दाचं खोटं नाही.

आणीबाणीतल्या दुसऱ्या श्रावणात आमच्या चित्रकारांनी दोन चौकटी काढल्या. पहिलीत भोई पालखी वाहून घामाघूम झालेले. दुसरीत भोई पालखीत घोरत पडलेत आणि देव स्वतः दांडी खांद्यावर घेऊन चाललाय. लोक हसले. मास्तर हसले नाहीत. त्यांचं पत्र आलं:

'आपण देवास पालखीतून उतरविले, हे अनुचित आहे. तथापि आपण निदान चित्रातच उतरविले. आमच्या गावी सोसायटीच्या चेअरमनांनी श्रावणी सोमवारी पालखीत मूर्तीच्या पुढे देशाच्या नेतृत्वाची तसबीर ठेवली व लोकांस तिला नारळ वाहण्यास लावले. ओढ्याच्या वळणावर गर्दीत मी ती तसबीर काढून घेतली. लोकांस वाटले, पाण्यात पडली. ती पडलेली नाही. ती सुस्थितीत असून काच शाबूत आहे. देवाची जागा देवाला व पुढाऱ्याची पुढाऱ्याला, एवढेच माझे म्हणणे.'

मी खूप हसले. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. पण 'काच शाबूत आहे' ह्या वाक्याच्या मी प्रेमातच पडले. शिवाय पत्र आमच्या चित्राविरुद्ध होतं, तेव्हा ते दडपलं तर आपणच भित्रे ठरू, असंही वाटलं. गावाचा उल्लेख नव्हताच. मी ते उतरवलं, सदरात सगळ्यात वर लावलं आणि मूळ पत्र तारेत टोचलं. ते शनिवारी छापून आलं.

मंगळवारी सकाळी फौजदार आले. आमच्याकडे वेगळी खोली वगैरे नव्हती, एकच दालन. संपादक उठून उभे राहिले, पण फौजदार सरळ माझ्यासमोरच्या खुर्चीवर येऊन बसले आणि अंक टेबलावर उघडून ठेवला.

"हा एक भाविक कोण?"

माझ्या डोक्यामागे तार होती. तारेवर सगळ्यात वर ते निळं पत्र, मास्तरांच्या नाव-गावासकट. फौजदारांनी मान वर केली असती तर दिसलंच असतं.

"नाव गुप्त ठेवायचा नियम आहे आमचा," मी म्हणाले.

"नियम वाचलाय मी. नाव-पत्ता घेता म्हणजे तुमच्याकडे असणार. मूळ पत्र आणा."

संपादकांनी काहीतरी करायचं म्हणून छापखान्यातून ती प्रत मागवली. माझ्या हातची, कामगारांच्या शाईच्या बोटांनी माखलेली. फौजदारांनी ती उजेडात धरली. खाली 'एक भाविक' एवढंच, कारण गुप्त ठेवायची नावं मी कधी उतरवतच नसे.

"अक्षर कुणाचं?"

संपादक माझ्याकडे बघत राहिले. "ह्या पत्रं उतरवून काढतात," एवढं एक वाक्य ते बोलले असते तर पुढचा प्रश्न 'मग मूळ कुठाय' हाच होता. ते बोलले नाहीत. भीतीने गप्प राहिले की समजून, हे मला आजही ठरवता येत नाही.

मास्तरांच्या पेन्शनला आठ-नऊ महिने उरले होते. हे मला माहीत होतं, कारण तेही त्यांनी एका पत्रात लिहिलं होतं. सरकारी नोकर, आणि तसबीर काढून घेतल्याची कबुली स्वतःच्या हाताने दिलेली. नोकरी तर जाणारच होती, वर तुरुंग. आणि ते पत्र सदरात वर लावलं होतं मी.

"माझं अक्षर आहे," मी म्हणाले. "पत्र मीच लिहिलंय."

"तुम्ही? कुठलं गाव? कुठली पालखी?"

"गाव नाही. पालखी नाही. तसबीरही नाही. सदर भरायला मजकूर कमी पडला, म्हणून मनाने लिहिलं."

तेवढ्यात फोरमन आतून आले, हात कोपरापर्यंत काळे. "ताई, रूळ पुसाया कागद पायजेल," म्हणाले आणि उत्तराची वाट न बघता तारेवरचा अख्खा गठ्ठा ओढून घेऊन गेले. फौजदारांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मला ठाण्यावर नेलं. तिथे फौजदारांनी ते पत्र मला तीनदा लिहायला लावलं. ते सांगत होते, मी लिहीत होते. वेलांटीला वेलांटी जुळली. जुळणारच! दुपारी वडील न्यायला आले. ताकीद झाली, कागदावर सही झाली, आणि संध्याकाळच्या आत संपादकांनी निरोप पाठवला की उद्यापासून येऊ नये. पुढच्या शनिवारी सदराच्या जागी एक चौकट होती: 'एक भाविक' यांचे पत्र आमच्या एका कर्मचाऱ्याने रचलेले, सर्वस्वी काल्पनिक होते; दिलगीर आहोत. वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तुझं अक्षर चांगलं आहे, तेच नडलं." मंगळवेढ्याचं एक स्थळ चालून आलं होतं, ते आल्या पावली परत गेलं. त्याचं मला काही वाटलं नाही. पण नोकरी गेल्याचं मात्र रडू यायचं, रोज, टपालाच्या वेळेला.

दहा-बारा दिवसांनी फोरमन घरी आले. खिशातून निळं पत्र काढलं. "ह्ये अक्षर तितं कुनालाच लागंना. साहेबांनी न वाचताच माज्याकडं दिलं, म्हनले, जिचं काम हाय तिला द्या."

मी त्यांना विचारलं, त्या दिवशी गठ्ठा मुद्दाम नेलात का? ते म्हणाले, "रूळ लई घान झालते की." आणि चहा पिऊन गेले.

मी पत्र उघडलं. 'संपादक महाशय, माझे पत्र काल्पनिक होते असे आपण छापले, हे वाचून खेद झाला. ते काल्पनिक नाही. ते मी लिहिले. तसबीर शाळेच्या कपाटात नकाशांमागे आहे. छत्तीस वर्षे मी मुलांना खरे बोलण्यास शिकवीत आहे. तरी खुलासा छापावा, व या खेपेस माझे पूर्ण नाव घालावे.'

मला संताप आला. इकडे आपण जिवावर उदार होऊन ह्यांना वाचवलं, आणि हे आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायला निघालेत! चूल पेटलेलीच होती. पत्र आत घातलं आणि राख होईस्तोवर उभी राहिले. मग एक पोस्टकार्ड घेतलं. काय लिहायचं? पोस्टकार्ड उघडं, पोस्टमनपासून कुणीही वाचणार. शेवटी मी तेच लिहिलं, जे नोकरीत शेकडो लोकांना लिहिलं होतं: 'आपले पत्र मिळाले. जागेअभावी तूर्त छापता येत नाही.' सहीच्या जागी फक्त दैनिकाचं नाव.

महिन्याभराने फोरमन पुन्हा आले. ह्या वेळी पोस्टकार्ड. त्यावर एकच ओळ होती: 'जागा झाली का?' त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. मी दर वेळी 'तूर्त नाही' लिहीत होते आणि दर वेळी मनात येत होतं की ह्या हट्टी माणसाला आपण किती दिवस थोपवणार. मग पौषात पोस्टकार्ड आलं नाही. माघातही नाही. फोरमन नुसते यायचे आणि मान हलवायचे. मी धास्तावले. मास्तरांना नेलं असेल, असंच मी धरून चालले.

निवडणूक झाली, सरकार पडलं, आणीबाणी उठली. संपादकांनी फोरमनबरोबर निरोप धाडला: बंद पडलेलं सदर सुरू करतोय, या. मी मानपान न करता गेले. चौथ्या-पाचव्या दिवशी एक म्हातारा दारात उभा. धोतर, काळी टोपी, कपाळावर भस्म, काखेत जुन्या धोतरात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी.

"पत्रं बगनाऱ्या बाई तुमीच का?"

मी उठून उभी राहिले. त्यांनी गुंडाळी सोडून तसबीर माझ्या टेबलावर ठेवली. काच खरंच शाबूत होती.

"तुमी पोस्टकार्डं का बंद केलीत?" मी विचारलं. बोलता बोलता मीही त्यांच्यासारखीच बोलू लागले होते.

"जागा न्हाय म्हनालात. मग मी सोता गेलो की ठान्यात. तसबीर दावली. फौजदार हसले. म्हनले, मास्तर, गुन्हेगार घावली, अक्षर जुळलं, तिनं मनानं लिवलंय म्हनून सही दिलीय. असल्या तसबिरी घरोघरी हायत, तुमी घरी जावा, वय झालं तुमचं." ते खुर्चीवर बसले. "छत्तीस वर्सांत पयल्यांदा कुनी मला खोटा म्हनलं, बाई."

मला राग आला आणि रडूही. "अहो, नोकरी गेली असती तुमची! पेन्शन गेली असती!"

"व्हय, गेली असती की," मास्तर शांतपणे म्हणाले. "पर माजी गेली असती. मला इचारलंत का तुमी?"

त्यांनी कोटाच्या खिशातून निळं पत्र काढून पुढे केलं. ह्या खेपेला 'एक भाविक' नव्हतं.

"जागा झाली का?"

"झाली," मी म्हणाले.

मी ते उतरवून काढलं नाही. पत्र तसंच घेऊन आत गेले आणि फोरमनच्या शेजारी उभी राहून एकेक शब्द वाचून दाखवला, खिळ्याला खिळा लागेपर्यंत. मास्तर मागे उभे होते. शेवटची ओळ जुळली तेव्हा ते पुढे वाकले, डोळ्यांजवळ चष्मा धरला, पण उलटी अक्षरं त्यांना काही लागेनात. मग फोरमननी काळ्या बोटाने खिळे दाखवत मास्तरांना त्यांचं नाव वाचून दाखवलं.